जवाईबुवांचं सेटिंग

आमच्या जवाईबुवांना माहीत नाही अशी गोष्ट जगात नव्हती, आणि त्यांना खरोखर येते अशी गोष्ट मी अजून शोधतोय. माझ्या थोरल्या बहिणीचे, ताईचे, हे यजमान. वणीला एका ऑफिसात बसतात. महागावला आमच्याकडे आले की चहाच्या आधी घरातल्यांचे मोबाईल मागून घ्यायचे. "दाखवा, काय घाण भरून ठेवली ते." आणि आम्ही मुकाट्यानं द्यायचो. जवाईला नाही कसं म्हणणार?

त्यांचं मोठं वेड म्हणजे डीएनएस. साइटचं नाव टाकलं की तिचा पत्ता शोधून देणारी ती सोय. जाहिराती अडवणारा डीएनएस त्यांनी स्वतःच्या मोबाईलमध्ये टाकला होता, आणि छाती फुगवून सांगायचे, "माह्या हॉटस्पॉटवर जो बसला, त्याले एक जाहिरात दिसणार नाही." बाबांनी टॅब जोडला आणि पहिलीच रमीची जाहिरात नाचत आली. मोबाईलमधलं ते सेटिंग त्या मोबाईलपुरतंच असतं, हॉटस्पॉट घेणाऱ्याला ते लागत नाही, हे धाकट्या बहिणीनं, पल्लवीनं, हळूच सांगून पाहिलं. जवाईबुवा म्हणाले, "टॅब जुना झाला तुमचा."

माणूस वाईट होता म्हणावं तर तेही नाही. बाबांच्या ऑपरेशनला रक्त द्यायला सगळ्यांच्या आधी हेच उभे होते. नंतर वर्षभर ते सगळ्यांना ऐकवलं, हा भाग वेगळा.

पल्लवीची पुण्याच्या कंपनीची ऑनलाइन मुलाखत होती, सकाळी अकराला. ही हुकली तर दिवाळीनंतर तिचं लग्न, असं बाबांनी ठरवूनच टाकलं होतं. जवाईबुवा नेमके आदल्या दिवशी मुक्कामाला. नाश्त्याला बसल्या बसल्या त्यांनी तिचा लॅपटॉप मांडीवर ओढला. "मुलाखतीत मधीच जाहिरात आली तर? थांब, यातच टाकून देतो." आणि स्वतःच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरचे डीएनएसचे आकडे त्यात ठोकून दिले. ते आकडे ऑफिसच्या भिंतीबाहेर चालतच नाहीत, हे या गृहस्थाला ठाऊकच नव्हतं.

झालं. त्यांच्याच मोबाईलचा हॉटस्पॉट जोडलेला, रेंज भरपूर, आणि लॅपटॉपवर एक पान उघडेना. अकरा वाजत आले. जवाईबुवा शांतपणे पोहे खात म्हणाले, "तुमच्या महागावचा टॉवरच बोगस आहे." मग मोबाईल बंद-चालू करणं झालं, खिडकीत ठेवणं झालं. लॅपटॉप मात्र मांडीवरून हलेना. पल्लवीचे डोळे भरले. आई डोळ्यांनीच दटावत होती, जवाईले कोणी काही बोलू नका. ताई खाली मान घालून पोहे चिवडत होती.

"भाऊजी, त्याच टॉवरवर तुमच्या मोबाईलमधी सगळं चालू आहे," पल्लवी म्हणाली. "काहून मग?"

"तुले काय समजते त्यातलं?"

तिनं लॅपटॉप त्यांच्या मांडीवरून सरळ उचलून घेतला. आमच्या घरात असं कधी झालं नव्हतं. त्यांचे आकडे पुसले, सेटिंग पुन्हा ऑटोमॅटिकवर ठेवलं, आणि मुलाखत उघडली.

पल्लवी आज पुण्यात नोकरीला आहे. जवाईबुवा त्याच दुपारी अपमान झाला म्हणून ताईला घेऊन निघाले, ते परत आले नाहीत. पोळ्याला नाही, दिवाळीला नाही. त्यांच्या न येण्याचं मला काडीचं दुःख नाही. पण ताईही येईना, आणि आई दर सणाला तिच्या वाटणीचं ताट वाढून झाकून ठेवायची.

गेल्या महिन्यात ताईचा फोन आला. आवाज दबका. "माह्या मोबाईलमधी यांनी तो डीएनएस टाकून ठेवला. एसटीचं टाइमटेबल उघडत नाही. त्या दिवशी पल्लवीनं कसं काढलं होतं?"

मी सांगत गेलो, ती करत गेली.

"उघडलं," ती म्हणाली. "आईले सांग, उद्या सकाळच्या गाडीनं येऊन राह्यली मी. यांना विचारलं नाही."