कानिफचं कोरं कपाळ

मला लिहायची सवय नाही. चार ओळी लिहिल्या की तीन खोडाव्याशा वाटतात. पण कानिफनाथबद्दल लोक जे बोलतात ते ऐकवत नाही, म्हणून लिहितो.

कानिफ आमच्या जामखेडकडच्या वाडीतला. जत्रेत मी ढोलकी वाजवायचो, तेव्हा तो पोरवयात समोर येऊन बाईसारखा नाचायचा. पुढं त्यानं केस वाढवले, लुगडं नेसून जत्रा गाजवू लागला. बाप लवकर गेला. आई लंकाबाई आणि तो मिळून श्रीगोंद्याकडे ऊस तोडायला जायचे. आईनं त्याचा नाच कधी पाहिला नव्हता. "तिनं एकदा समोर बसून बघावं, तात्या," एवढंच तो म्हणायचा.

गेल्या वर्षी टीव्हीवर पुरुषांनी बाईच्या वेषात लावणी करायची स्पर्धा झाली, तीत त्याची निवड झाली. पहिल्या भागात परीक्षकांनी विचारलं, "काम काय करता?" "ऊस तोडतो," म्हणाला, आणि अशी गिरकी घेतली की परीक्षक उभे राहिले. रंगुबाईच्या ओसरीवर सगळी वाडी टीव्हीपुढं बसायची. "तुमच्यात एकीला तरी असं नेसता येतं का गं?" रंगुबाई सुनांना टोमणा मारायची.

कानिफ शेवटच्या पाचांत आला, तेव्हा चॅनलवाल्यांनी लंकाबाईला उसाच्या फडावरून थेट मुंबईला नेलं. कानिफ हिरव्या लुगड्यात मंचावर आला. कपाळ तेवढं कोरं ठेवलं होतं. निवेदिका कुंकवाचा करंडा पुढं करून म्हणाली, "आई, तुमच्या या लेकीला कुंकू लावा."

लंकाबाईनं हात पुढं केला. मग एकदम मागं घेतला, पदराखाली लपवला आणि मागं सरली.

"अगं बाई!" इकडं टीव्हीपुढं रंगुबाई ओरडली. "इधवा बाई कुंकू कशी लावंल? लेकराचं वाईट व्हईल म्हणून भ्याली ती!"

ओसरीवर सगळ्यांना कळलं. तिथं मंचावर कुणालाच कळलं नाही. एक परीक्षक डोळे पुसत म्हणाल्या, "मुलाला असं स्वीकारायला आईला वेळ लागतो." कानिफचा चेहरा उतरला. दुसऱ्या कुणाला त्यानं कुंकू लावू दिलं नाही. तसाच नाचला, ताल चुकला आणि त्याच भागात स्पर्धेबाहेर गेला.

आता बाजारात कुणीही म्हणतं, आईनंच झिडकारलं त्याला.

मी एसटीनं फडावर गेलो. कानिफनं केस कापून टाकले होते. मी समजावू लागलो तर म्हणाला, "ठावं हाय तात्या. ल्हानपनापासनं बघतोय तिचं कपाळ. पर त्या येळंला सुचलंच न्हाई. वाटलं, माझी लाज वाटली तिला."

लंकाबाईनं गाठोड्यातून करंडा काढला. चॅनलवाल्यांनी तो तिलाच दिला होता. "तवा भ्याले रं. आता लावते, ये."

"आता कुठं लावतीस आये? मिशा आल्यात की मला," तो हसून म्हणाला आणि कोयता घेऊन उसात शिरला.

मोळी घेऊन परतला तेव्हा उसाच्या पात्यानं कपाळावर ओरखडा उठला होता. लंकाबाईनं पुढं होऊन बोटानंच रक्त पुसलं. तो मान खाली घालून उभा राहिला.

"आये, नाच तरी बघितलास का माझा?"

"डोळं भरल्यालं हुतं रं," ती म्हणाली. "काय दिसनार?"