राणीबाईंची ग्रामसभा

बीदरला आमच्या वरच्या खोलीत आफ्रिकेतली एक मुलगी भाड्यानं राहायला आली, तेव्हा गल्लीतल्या सगळ्यांना माझी काळजी वाटली आणि मला तिची. ती बोत्स्वानाची, इथल्या पशुवैद्यकीय कॉलेजात शिकायला आलेली. वर्षभरात तिनं भाजीवाल्यांकडून दखनी उर्दू उचलली आणि माझ्या सासऱ्यांकडून, म्हणजे अप्पांकडून, आमची मराठी. पुस्तकी मराठीचं एक वाक्य तिला धड येत नसे, पण "अक्का, भाकर करपायलीय की!" हे ती अशा काही झोकात म्हणे की, ऐकणाऱ्याला वाटावं, हुलसूरकडची माझी कुणी भाचीच घरात आहे.

अप्पा तेव्हा नुकतेच आमच्याकडं राहायला आले होते. हुलसूरजवळच्या आमच्या गावात ते कैक वर्षं ग्रामपंचायतीचे मेंबर होते. शेवटच्या निवडणुकीत पडले आणि त्यांना गाव खायला उठलं. बीदरला त्यांचं ऐकायला माणूस नव्हतं. मुलगा कामावर, सून शाळेत शिकवायला. मग त्यांना ही सापडली. संध्याकाळी गच्चीवर खुर्च्या टाकून दोघांचं राजकारण चाले. अप्पांच्या मते पुढारी म्हणजे आवाज. आवाज नसेल तर बाकी सगळं असून फुकट.

"आवाजवाले आमच्याकडं लई हाईत अप्पा," ती म्हणायची. "आजूबाजूच्या देशांत काही तर खुर्चीतच म्हातारे झाले. लोक चांगलं कुणाला म्हणत्यात म्हायती हाय? जो वेळेवर उठतो त्याला."

अप्पांना हे झोंबायचं. ते स्वतः उठले नव्हते, लोकांनी उठवलं होतं. मग ते घाईनं हिऱ्यांच्या खाणींवर यायचे. एवढे हिरे निघूनही तिथं मारामाऱ्या कशा झाल्या नाहीत, हे त्यांना मनापासून जाणून घ्यायचं असे. ती सांगे की, जमिनीखालचं धन एका जमातीचं नाही, सगळ्या देशाचं, असं जुन्या जाणत्या माणसांनी सुरुवातीलाच ठरवून टाकलं. "म्हणजे आपल्या हातचं सोडलं?" अप्पा विचारायचे, आणि ती हो म्हणाली की बराच वेळ गप्प बसायचे. आमच्या घरात अप्पा गप्प बसणं ही मोठीच गोष्ट होती.

तिचे वडील त्यांच्या गावचे पिढीजात प्रमुख होते. ते वारल्यापासून आत्या त्यांच्या जागी काम बघत होती. एक दिवस घरून आईचा फोन आला: आत्या थकली आहे, तू थोरली, ये आणि वडिलांच्या जागी बस. हिची डिग्री अजून वर्षाहून जास्त बाकी. अर्धवट सोडून गेली तर शिष्यवृत्ती जाणार, ती काही पुन्हा मिळायची नाही. नाही म्हटलं तर वडिलांची जागा कायमची चुलत घरात जाणार. त्या दिवसापासून पोरगी जेवेना. ताटात बोटं फिरवत बसायची. मला बघवत नसे.

अप्पांचा मात्र निकाल तयार होता. "जा म्हणतो मी! लोक खुर्चीमागं पळत्यात, हिला खुर्ची बोलवायलीय. डिग्री काय, कुनीबी घेतंय."

"कुणीही घेतं तर तुम्ही का नाही घेतली?" मी स्वयंपाकघरातून म्हणाले. त्यानंतर दोन दिवस सासरे-सून बोललो नाही. निरोप तिच्यामार्फत.

तेवढ्यात आमच्या गावात ग्रामसभा लागली. अप्पांनी तिला बरोबर घेतलं, मलाही ओढलं. गावात त्यांनी आधीच डांगोरा पिटला होता की आमच्या घरी राणी राहते. त्यामुळं पंचायतीसमोरच्या मांडवात आम्ही पाय ठेवला तोच तिला शाल, हार, नारळ. एवढ्यावर थांबले असते तर काही बिघडलं नसतं. पण आमची माणसं पाहुण्याच्या बाबतीत वेडी. पंचायतीचे अध्यक्ष स्वतः उठले आणि आपली मधली मोठी खुर्ची त्यांनी तिला दिली.

आमच्याकडं तो नुसता मान असतो. पाहुण्यानं आधी बोलावं, लोकांनी टाळ्या वाजवाव्यात, आभार मानावेत आणि चहा प्यावा. त्यातच ग्रामसभा आटोपते. तिला हे ठाऊक नव्हतं. खुर्ची दिली म्हणजे खुर्चीचं कामही दिलं, असं ती समजली, आणि तिनं आपल्या वडिलांना जे करताना पाहिलं होतं ते केलं. हात मांडीवर ठेवून गप्प बसली.

"आता पाहुण्याबाई दोन शब्द बोलतील," पंचायतीचे सरकारी साहेब म्हणाले.

"मी शेवटी बोलते. आधी गाव."

मांडव हसला. साहेबांनी पुन्हा विनंती केली. तिनं मान हलवली. "आमच्याकडं गावाची बैठक भरती तवा खुर्चीतलं माणूस शेवटी बोलतंय. आधी बोललं की बाकीचे खोटं बोलत्यात."

"कामून?" मागून कुणीतरी विचारलं.

"त्याला आवडंल तेच बोलत्यात."

आता कुणी हसलं नाही. साहेब घड्याळ बघायला लागले. अशा वेळी गावाची लाज राखायला अप्पा उठणार हे ठरलेलंच. ते उठले, घसा खाकरला. तिनं हात जोडले. "अप्पा, तुमीबी लई वर्षं खुर्चीत बसलाव. तुमीबी शेवटी." अप्पा उभ्याचे बसले. खोटं कशाला बोलू, मला इतका आनंद झाला की पदर तोंडावर घ्यावा लागला.

मग सगळे तिच्याकडं बघत बसले. ती हलेना, आणि ती हलल्याशिवाय चहाही हलेना. शेवटी कंटाळून एकानं शेताकडच्या रस्त्याचं काढलं. दुसऱ्यानं शाळेच्या गळक्या छताचं. मग आमच्या बुद्धविहारामागच्या गल्लीतली, भावकीतली एक बाई उठली. अप्पांची ती चुलत भावजय. ग्रामसभेत बाई बोलायला उठलेली मी आमच्या गावात पहिल्यांदाच पाहत होते.

"टाकीचं सांगायचं हुतं," ती म्हणाली.

अप्पा सावरून बसले. विहारापुढची पाण्याची टाकी म्हणजे त्यांच्या मेंबरकीचा मुकुट. गावात कुणी पाहुणा आला की आधी टाकी, मग घर.

"टाकी चांगली हाय. पर विहाराच्या कट्ट्याम्होरं हाय. दिवसभर तितं बाप्ये बसत्यात. पोरी जाईनात पाण्याला, सुना जाईनात. आमी आजून हिरीवरनंच आणतो पाणी."

"मग इतकी वर्षं सांगितलं का नाही?" साहेबांनी विचारलं.

"कुनी इचारलं? भावजी हितं हुबं राहून सांगायचे की आमच्या बायका लई खूश हाईत. मग आमी काय बोलावं?" तिच्या आवाजात राग नव्हता. तिनं ते भाजीचा भाव सांगावा तसं सांगितलं.

त्यानंतर बायका एकामागून एक बोलत राहिल्या. पार शेवटी आमची पाहुणी उठली. तिनं भाषण केलंच नाही. कोण काय बोललं ते ओळीनं, माणूस दाखवून दाखवून, आमच्याच मराठीत पुन्हा सांगितलं आणि साहेबांना विचारलं, "बराबर ऐकलं ना मी?" साहेबांनी सगळं लिहून घेतलं. मग ती गोठ्यांकडं म्हशी बघायला गेली.

बसमध्ये अप्पा खिडकीशी बसले आणि टाकी दिसेनाशी होईपर्यंत मागं वळून बघत राहिले. मला त्यांची दया आली. माणूस कसाही असो, टाकी त्यांनी जीव तोडून आणली होती. रात्रीच्या जेवणाला तिनंच विषय काढला. दुसऱ्या दिवशी तिला घरी कळवायचं होतं. मी म्हणाले, डिग्री पूर्ण कर. आमचे हे म्हणाले, आईला काय वाटतं ते बघ. आम्ही तिघंही अप्पांकडं बघत राहिलो. "जा" म्हणणारच, म्हणून मी उत्तर तयार ठेवलं होतं.

"तू आमाला कामून इचारायलीस?" ते म्हणाले. "आमाला कुटं तुज्या राज्यात ऱ्हायचंय? ज्येंच्यावर बसायचंय त्येंनाच इचार की. म्या न्हाई इचारलं. म्या आपलं मनानंच ठरवलं, लोकांना काय पायजे ते." एवढं बोलून त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि तसाच हातात धरून ठेवला. मी माझं तयार उत्तर गिळून त्यांच्या ताटात वरण वाढलं.

तिनं आईला तसंच कळवलं. मी आत्ताच येईन किंवा डिग्री संपवून येईन, पण आधी गावाला विचारा. पुढच्या आठवड्यात एका दुपारी तिकडं बैठक भरली. इकडं आमच्या बैठकीच्या खोलीत फोन मध्ये ठेवून आम्ही चौघं. अप्पा धुवट सदरा घालून बसले होते. बोलणं आम्हाला एक अक्षर कळत नव्हतं. ती मधूनमधून सांगायची. आत्या म्हणतेय, शिकून होईपर्यंत मी कशीबशी काढते. एक जण म्हणतोय, मुलगी परदेशात राहून परकी झाली असेल. दुसरा म्हणतोय, गुरांचा डॉक्टर गावाचा प्रमुख झाला तर वाईट काय? बराच वेळ असं चाललं. मग एक कापरा, म्हातारा आवाज आला आणि तिकडची सगळी कुजबूज थांबली.

"आजी हाय एक," तिनं हळूच सांगितलं. "ती इचारायलीय, हिला तिथं लई मान मिळायला असंल. उद्या आमी हिला चार शब्द रागावून बोललो, तर ही ऐकून घेईल का?"

तिनं अप्पांकडं पाहिलं.

अप्पांचे डोळे भरून आले होते. त्यांनी ते पुसलेही नाहीत. "सांग आजीला," ते म्हणाले, "दोन वर्सं मी म्हातारा हिला रोज रागावतो. रोज ऐकून घेतीय. आन मग मला खरं काय ते सांगती."

तिनं ते त्यांच्या भाषेत सांगितलं. पलीकडं आधी हसू उमटलं, मग एका बाईनं जीभ नाचवत 'उलुलुलु' असा लांबच लांब हेल काढला आणि बाकीच्या बायकांनी तो उचलून धरला. फोन टेबलावर थरथरत होता.

"काय म्हणायलेत गं?" अप्पांनी विचारलं.

"व्हय म्हणायलेत अप्पा," ती म्हणाली. "शिकून ये म्हणायलेत."