आईच्या पेटीला त्याचा खांदा नको होता

मंडळी, आज सकाळी बोरिवलीच्या खाडीपलीकडे, आमच्या गावात, आईला माती दिली. घरी येऊन लगेच लिहायला बसलेय.

आई पहाटे चर्चमध्ये फुलं लावायची, मग आमचा स्वयंपाक, मग गावातल्या आजारी माणसांकडे फेरी. ऐंशीच्या दशकात शेजारच्या बस्त्यावने बायकोला, मोनिकाला, मारून घराबाहेर काढलं. आईने तिला आमच्या घरी ठेवून घेतलं. त्या रागाने त्याने गावभर आईची बदनामी केली. चर्चच्या गायनवृंदातून तिला काढायला लावलं. पुढे कित्येक वर्षं आई शेवटच्या बाकावर बसून गायची.

आज तोच आईच्या शवपेटीला खांदा द्यायला पुढे आला. "देवमाणूस होती गं तुझी आई," म्हणाला.

मी सगळ्यांसमोर म्हटलं, "काका, हात काढा."

फादर हळूच म्हणाले, "जाऊ दे ना, बाळा."

"नाही, फादर."

मोनिका मावशी मागे रडत उभी होती. तिला हाताला धरून आणलं आणि त्याच्या जागी उभं केलं. तो मान खाली घालून बाजूला झाला. खरं सांगते, खूप बरं वाटलं.

आईने त्याला कधीच माफ केलं होतं. मी नाही केलं. तुम्ही केलं असतं?