दोन ओळींची जागा

तक्तेबाईंच्या वर्गाची भिंत बघायला दुसऱ्या शाळांतले शिक्षक यायचे. तिसरीच्या पोरांनी निरनिराळी कामे करणाऱ्या माणसांना गाठून घेतलेल्या मुलाखती तिथे सुवाच्य अक्षरात लावलेल्या असत. नर्सपासून नळवाल्यापर्यंत सगळ्यांना सेवेची भारी हौस, असे ती भिंत वाचून वाटावे. कारण उघड होते. प्रश्नांबरोबर उत्तरेही बाईच लिहून द्यायच्या. माणसे फाफटपसारा बोलतात, पोरांचा गोंधळ उडतो आणि तक्ता बिघडतो, असे त्यांचे म्हणणे. कौतुक मात्र त्या वर्षानुवर्षे बिनदिक्कत झेलत आल्या होत्या.

यंदा एका मुलीच्या वाट्याला कवळ्या बनवणारा कारागीर आला. तिला घेऊन बाई त्याच्या खोलीवर गेल्या आणि दाराशी स्टुलावर टेकल्या. आत सगळीकडे पांढरी धूळ होती, फळीवर प्लॅस्टरचे जबडे ओळीने मांडलेले.

"काका, तुम्हाला हे काम का आवडतं?" मुलीने कागदावरून वाचले.

कारागिराने हातातली कवळी खाली ठेवली. इतक्या वर्षांत त्याला हे कुणी विचारलेच नव्हते. "आवडतं कुठलं! शिकाऊ होतो तेव्हा पहिली कवळी आईची केली. तिला ती टोचायची. पण मी घरात असलो की ती..."

"काका, एवढं नको," मुलगी समजुतीने म्हणाली. "दोनच ओळींची जागा आहे. 'लोकांची सेवा करता येते म्हणून' असं म्हणा."

"बरं, तसं लिही," तो ओशाळून म्हणाला आणि पुन्हा कवळी घासायला लागला.

बाईंना मेल्याहून मेल्यासारखे झाले. पोर उद्धट नव्हती. ती हुबेहूब त्यांच्यासारखी बोलली होती, आवाजातल्या गोडव्यासकट. एका भिंतीपायी आपण आजवर किती जणांना असे गप्प केले असेल, ह्या विचाराने त्यांना वर बघवेना. उठून त्यांनी तिच्या हातातला कागद घेतला, त्या उत्तरावर काट मारली आणि तो तिला परत दिला.

"माझं चुकलं का, बाई?"

"तुझं नाही. माझं." मग त्या कारागिराकडे वळल्या. "आईचं सांगत होतात ना, ते पुरं करा."

"राहू द्या हो," तो मान वर न करता म्हणाला. "तुमचंच बरं आहे. चारचौघांत लावण्यासारखं."

मुलगी कागद उलटापालटा करत राहिली.

"बाई, आता मी काय विचारू?"

दोन महिने बाईंनी तिला मुलाखत घ्यायला शिकवले होते. 'मग काय झालं?' एवढे विचारायला मात्र शिकवायचे राहिले होते.