अनवाणी धावणारा बाबू

तात्यापारा मोहल्ल्यात माझं जोड्यांचं दुकान. आमचं शहर नव्या राज्याची राजधानी झालं तेव्हा वाटलं, नवे अधिकारी येतील, धंदा वाढेल. आला तो हा सरकारी बाबू. रोज तलावाच्या पाळीवर अनवाणी धावतो आणि चिखलाचे पाय घेऊन थेट माझ्या दुकानात बसतो. गिऱ्हाइकांना सांगतो, "दवातल्या गवतावर धावून पाहा भैया, जोडे फेकून द्याल."

काल तो लंगडत आला. तळपायात बाभळीचा काटा रुतला होता. मी सुईनं काढला आणि दुकानातला सगळ्यात मजबूत जोडा पुढं केला. "आता तरी घ्या! काहून हट्ट करून राहिले?"

काटा न्याहाळत तो खुशीत म्हणाला, "भाऊ, जोडा असता तर बाभूळ भेटलीच नसती!"

शेजारी जोडा घालून पाहणाऱ्या गिऱ्हाइकानं तो हळूच काढून ठेवला.