चपलांच्या रांगेत ऋतुजाचा नंबर

भुताखेतांवर माझा विश्वास नाही, हे लिहून मग पुढे भूतच दाखवायचं, असली ही गोष्ट नाही. यात भूत नाहीच. चपला आहेत. आणि माझा विश्वास आजही नाही. फक्त एका गोष्टीचा हिशोब लागत नाही, म्हणून इथे लिहिते आहे. कुणाला लागला तर कळवा.

मी डॉक्टर. कसबा बावड्यात माझा दवाखाना आहे. रस्त्याला लागून दोन खोल्या, मागे एक बोळ. माझ्याकडे नंबराची चिठ्ठी नाही, चपला आहेत. पेशंट येतो, भिंतीकडेला आपली चप्पल रांगेत लावतो आणि समोर चहाला जातो. पुढची चप्पल हलली की मागच्या सरकवायच्या. भांडणं होत नाहीत, कारण चप्पल खोटं बोलत नाही. हा नियम मीच केलेला.

स्टाफच्या चपला मात्र मागच्या बोळात, पाण्याच्या टाकीजवळ. म्हणजे माझ्या, शोभाच्या आणि ऋतुजाच्या. शोभा माझी कंपाउंडर. ऋतुजा माझी भाची, शिरोळला असलेल्या भावाची मुलगी. इथेच मेडिकलला शेवटच्या वर्षाला, राहायला हॉस्टेलवर. संध्याकाळी माझ्या हाताखाली बसायची. बीपी घ्यायची, केस लिहायची. पोरीचा हात चांगला आहे.

त्या वर्षी ती वाळत चालली होती. आमचं घर जैन. चातुर्मासात तिने सूर्यास्तापूर्वी जेवायचं धरलं आणि चातुर्मास संपला तरी सोडलं नाही. दवाखाना सुटेपर्यंत अंधार पडलेला, म्हणजे रात्रीचं जेवण बंदच. भाऊ फोनवर खूश... "पोरगी आमच्यापेक्षा धार्मिक निघाली की गं!" मलाही ते पटलं. आमच्याकडे पोरगी जेवत नसेल तर कौतुक होतं, तपासणी होत नाही.

उसाचा हंगाम नुकताच सुरू झाला होता. एका संध्याकाळी सगळे पेशंट संपले तरी रांगेत एक जोड उरला. शोभा रस्त्यावर जाऊन ओरडली, "ओ पावणं, चप्पल कुणाची ऱ्हायली?" कुणी नाही. मग ऋतुजाने वाकून पाहिलं.

"अगं शोभाताई, माझीच आहे की ही!"

तिचीच होती. डाव्या पट्ट्याला मोच्याने घातलेला हिरवा दोरा. "कुणीतरी गंमत केली," म्हणत ती हसली आणि घालून गेली.

दुसऱ्या दिवशी चपला पुन्हा रांगेत. या वेळी शेवटी नाही, मधोमध. आणि त्यांचा नंबर आला तेव्हा गडबड झाली, कारण त्यांच्या मागे गडमुडशिंगीचे अण्णा होते. अण्णा म्हणजे गुडघ्याचे जुने पेशंट आणि तोंडाचे फटकळ.

"अण्णा, तुम्ही जावा आत," शोभा म्हणाली.

"मी कसा जाऊ? फुडं ह्यो जोड हाय की."

"तो आमच्या ऋतुजाम्याडमचा हाय. चुकून आलाय."

"चुकून आसंल न्हायतर मुद्दाम. नंबर लागलाय तिचा. तिला आत घे, मग मी. रांग मोडली तर उद्या माझी बी मोडशीला."

मी आतून ऐकत होते. ऋतुजा माझ्या शेजारी एका बाईचं बीपी बघत होती. बाहेर पेशंट हसायला लागले आणि अण्णा जागचे हलेनात. ती बाई गेल्यावर मी म्हटलं, "ये गं, बस स्टूलवर. तुला तपासल्याशिवाय हा माणूस आत यायचा नाही."

"आत्या, काहीतरीच काय!"

"बस म्हणते ना."

चेष्टेतच नाडी धरली. जोरात पळत होती. डोळे ओढले, फिके. वजनकाट्यावर उभी केली आणि माझी चेष्टा तिथेच संपली. मग मानेला हात लावायला गेले, तर तिने माझं मनगट धरलं.

"परीक्षा झाल्यावर दाखवणार होते," ती हळू आवाजात म्हणाली.

गळपट्टीच्या हाडावर गाठ होती. रबरासारखी, न दुखणारी. अशी गाठ सापडली की काय शंका घ्यायची, हे तिला पाठ होतं. जेवणाचा नियम हा आडोसा होता. रात्री घामाने उशी भिजायची आणि भूक मेली होती, हे तिने कुणालाही सांगितलं नव्हतं. परीक्षा अजून लांब होती. तोवर ती गप्प बसणार होती.

मी अण्णांना तपासलं, उरलेले पेशंट संपवले आणि भावाला फोन केला. रडारड करायला वेळ नव्हता. बायोप्सी झाली. लिम्फोमा. कॅन्सरच, पण वेळेत सापडला तर बहुतेकदा बरा होणारा. सापडला होता वेळेत.

आता चपलांचं. शोभाने देवाची शपथ घेतली. "म्याडम, मी न्हाय ठेवली. मी कशाला हात लावू?" तिच्यावर माझा विश्वास आहे. ऋतुजाला विचारलं तर म्हणाली, "आत्या, मी लपवत होते. मीच कशी ठेवीन?" खरंच होतं, आणि दोन्ही दिवस ती माझ्या डोळ्यांसमोर आत होती. बोळाच्या रस्त्याकडच्या दाराला आतून कडी असते.

समोरच्या मेडिकलवाल्याचा कॅमेरा आमच्या पायरीवर आहे. दुसऱ्या दिवसाचं चित्रण मी पाहिलं. अण्णा येतात, एका पेशंटच्या चपलेमागे आपली लावतात आणि चहाला जातात. उसाची ट्रॉली कॅमेऱ्याच्या आडून जाते. ट्रॉली गेल्यावर अण्णांच्या पुढे ऋतुजाच्या चपला आहेत. अण्णांच्या तेवढ्याच मागे सरकलेल्या.

ट्रॉली जाईपर्यंत टाकीपासून चपला आणून रांगेत लावता येतात का, हे मी स्वतः करून पाहिलं. ट्रॉली आली की हाक मारायला शोभाला रस्त्यावर उभी केली आणि हाकेसरशी चपला घेऊन बोळातून पळाले. ट्रॉली गेली तेव्हा मी अजून कडीच काढत होते.

ऋतुजाची एक परीक्षा बुडाली, पुढची दिली. केमो चालू असताना मी तिला दवाखान्याच्या गर्दीत फिरकू दिलं नाही. ती परत आली तेव्हा डोक्यावर बोटभर केस होते. अण्णांनी चष्मा वर करून तिला विचारलं, "डॉक्टरीणबाई, केस कुठं गेलं?"

"खोडवा आलाय, अण्णा. तोडलेल्या उसाला फुटतो की नाही परत? तसा."

"मग पयल्या लागणीच्या उसापरास बरा यील," अण्णा म्हणाले.

सध्या तिचे रिपोर्ट स्वच्छ आहेत. दर तपासणीआधी तिचं तोंड उतरतं, मी दुर्लक्ष करते, ती जाऊन येते. रात्री माझ्यासमोर बसून जेवते.

शोभा हल्ली आपल्या चपला पिशवीत घालून कपाटात कोंडते. वर मलाही सांगते, "म्याडम, तुमच्या बी द्या की. उगं कशाला इषाची परीक्षा!"

मी देत नाही. त्या चपला कुणी ठेवल्या ते मला माहीत नाही, आणि आता कळेल असंही वाटत नाही. पण माझं वय झालंय, आणि दुसऱ्यांना तपासण्यात स्वतःला तपासायचं राहून जातं. माझ्या चपला मी टाकीजवळ, उघड्यावरच काढते. दवाखाना बंद करताना आधी रांगेकडे बघते, मगच दिवा घालवते. नंबर लागलाच, तर मला कळायला हवा.