आतड्याच्या वॉर्डातल्या तीन खाटा

आजारी माणसाकडे किस्से साठतात, कारण पोटात दुसरं काही ठरतच नाही. मी आतड्याच्या इन्फेक्शननं वॉर्डात पडलो होतो. दहावीत सायन्सला लटकलेला मी, आणि डॉक्टर मॅडम रोज राऊंडला येऊन सायन्सच सांगायच्या. पळायला अंगात जीव नव्हता.

पहिल्या दिवशी म्हणाल्या, "आतड्याच्या आतल्या अस्तरात पेशींचा एकच थर असतो. एकीला एक घट्ट जोडलेल्या, जंतू शिरू नयेत म्हणून."

शेजारच्या खाटेवर शनिवार पेठेतले आपटे काका, रिटायर्ड. डोळे न उघडता म्हणाले, "एकच थर? कॉन्ट्रॅक्टर कोण?"

*

पलीकडे नीलेश. वर्ध्याचा, कम्प्युटर शिकून पुण्यात आलेला. पहिली नोकरी लागली, सोमवारी जॉइन व्हायचं, आणि हा सलाईनवर. "नाही गेलो तं दुसऱ्याले घेतील ना," एवढंच दिवसभर.

मॅडमनी त्याला समजावलं. अस्तरावर बुळबुळीत थर असतो, त्यात जंतू अडकतात. खाली खड्ड्यात बसलेल्या पेशी जंतू मारायचं औषध सोडतात.

"मंग आम्हाले सलाईन काहून?"

"महिनाभर रोज गाडीवरची पाणीपुरी पाठवलीस. त्या दमल्या."

*

आतड्यात चांगले जंतूपण राहतात म्हणे. जागा अडवून बसतात, वाईटांना टिकू देत नाहीत.

काका म्हणाले, "म्हणजे जुने भाडेकरू. माहितीयेत."

*

पेजेला कंटाळून मी एकदा काकांच्या खाटेचं कार्ड माझ्या खाटेला लावलं, माझं त्यांच्या. त्यांना दहीभात होता. मस्त खाल्ला. काका पेज पीत शांतपणे म्हणाले, "सकाळी एनिमा आहे. तोही त्याच कार्डावर आहे."

*

शनिवारी नीलेशनं मॅडमना सरळच विचारलं, "सोडता का?"

"पेशी चार-पाच दिवसांत जुन्या होऊन गळतात. एक निघाली की शेजारच्या लगेच एकमेकींना चिकटतात, फट राहत नाही. तुझ्या एकदम खूप गेल्यात. नव्या येऊ देत. अजून आठवडा."

नीलेश सलाईनचा स्टँड ढकलत कॉरिडॉरमधल्या कॉइनच्या फोनपाशी गेला. मी मागोमाग, रिसीव्हरला कान लावून. कंपनीच्या एचआरच्या साहेबांना खोटं काय सांगायचं ते त्याला सुचेना. मग मॅडम बोलल्या तेच सगळं सांगून टाकलं. एक पेशी गेली, शेजारच्या चिकटल्या, सगळं.

"शेजारच्या तिथंच राहतात?" साहेबांनी विचारलं.

"हो सर. फट पडू देत नाहीत."

नीलेशनं डोळे मिटून घेतले.

मग साहेब दमलेल्या आवाजात म्हणाले, "आमच्याकडे एक नोकरी सोडून गेला की शेजारचे दोघं पण जातात. तुम्ही परवा नको, त्याच्या पुढच्या सोमवारी या. पण याल ना नक्की?"